कंट्रोल लाइन मॉडेल विमानांचे वेगमापन

कंट्रोल लाइन मॉडेल विमानांचे वेगमापन : बारीक पोलादी तारांनी वैमानिकाच्या हातातील हँडलला जोडलेले आणि त्याच्याभोवती गोल फिरणारे मॉडेल विमान किती वेगाने उडते हे काढण्याची रीत. तारांची दुसरी टोके विमानातल्या बेलक्रँकला, म्हणजे तारांची ओढ पुढे पोचवणाऱ्या फिरत्या तरफेला, जोडलेली असतात. हँडल वर-खाली झुकवले की एलेव्हेटर, म्हणजे शेपटीवरची हलती आडवी फळी, हलतो आणि विमान चढते किंवा उतरते. अमेरिकेत जिम वॉकर यांनी 1940 च्या दशकात 'यू-कंट्रोल' या नावाने हा प्रकार लोकप्रिय केला. भारतात एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्रांना एरोमॉडेलिंगमध्ये त्याची ओळख होते.

विमान तारेच्या टप्प्याबाहेर जाऊच शकत नसल्यामुळे वेग काढायला टेप आणि स्टॉपवॉच एवढे साहित्य पुरते. वर्तुळाचा परीघ गुणिले फेऱ्या, भागिले वेळ. त्रिज्या मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत घेतल्यास, त्रिज्या × फेऱ्या × 22.62 ÷ वेळ या हिशेबाने थेट किमी/तास मिळतात. 18.3 मी. त्रिज्येवर 10 फेऱ्यांना 52 सेकंद लागले, तर वेग सुमारे 80 किमी/तास. कसरती विमाने उडवणारे मात्र वेगाचा आकडा क्वचितच सांगतात. ते 'लॅप 5.2 चा आहे', म्हणजे एका फेरीला 5.2 सेकंद लागतात, असेच बोलतात, आणि तार तीच असेपर्यंत ते पुरेसेही असते. फेऱ्या अनेक मोजण्याचे कारण माणसाचे बोट. बटण दाबण्यात 0.1 सेकंदाची चूक एका फेरीत जवळपास 2 टक्के होते, दहा फेऱ्यांत 0.2 टक्के. शिवाय वाऱ्याच्या दिवशी विमान वर्तुळाच्या एका बाजूला रेंगाळते आणि दुसऱ्या बाजूला पळते. पूर्ण फेऱ्या धरल्या की हा फरक बराचसा मिटतो.

खरी अडचण वेळेची नसून त्रिज्येची आहे. गुंडाळीवर लिहिलेली तारेची लांबी म्हणजे त्रिज्या नव्हे. हँडलच्या मुठीपासून प्रोपेलरच्या अक्षापर्यंतचे अंतर मोजावे लागते, त्यात पंखातून बाहेर येणाऱ्या तारांचे तुकडेही आले. ते 40 सेंमी. विसरले तर 18 मीटरवर उत्तर 2 टक्क्यांहून अधिक कमी येते. वैमानिक हात लांब करून जागेवर फिरत असेल, तर हाताची लांबीही त्रिज्येत मिळते. उंचीचा परिणाम उलटा असतो. तारा जमिनीशी 30 अंशांचा कोन करू लागल्या की विमान प्रत्यक्षात 13 टक्के लहान वर्तुळात फिरते. फेरी लवकर संपते आणि कागदावर वेग फुगतो.

हाताने विमान ओढून त्याला जादा रेटा देणे, ज्याला खेळाडू 'व्हिपिंग' म्हणतात, ही याहून मोठी लबाडी. म्हणूनच जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एफएआयच्या, एफ2ए या वेगाच्या गटात वैमानिकाला मनगट मध्यभागी रोवलेल्या खांबाच्या बेचक्यात ठेवावे लागते. उंचीवरही बंधन असते. इंजिन 2.5 घन सेंमी.चे, त्रिज्या 17.69 मी. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे सोय आहे : त्याच्या नऊ फेऱ्या म्हणजे 1,000 मीटर, अवघे 35 सेंमी. जास्त. मग 3,600 ला सेकंदांनी भागले की वेग तयार. 12.4 सेकंदांना 290 किमी/तास होतात. सांघिक शर्यतीच्या एफ2सी गटात हीच युक्ती 15.92 मी. त्रिज्येने साधली आहे : 100 फेऱ्यांचे 10 किमी. मात्र त्या वेळेत इंधन भरण्याचे थांबेही धरलेले असल्याने त्यातून निघणारा आकडा उड्डाणाचा वेग नसतो.

290 किमी/तासाला अर्धा किलोचे विमान तारांवर सुमारे 19 किलोचा ताण देते. तारा स्वतःही विमानाला मागे खेचतात. तारेचा प्रत्येक भाग केंद्रापासूनच्या अंतराप्रमाणे वेगाने फिरतो. त्यामुळे तारांवर खर्च होणारी शक्ती, तारेच्या एक-चतुर्थांश लांबीचा तुकडा विमानाच्या पूर्ण वेगाने ओढायला लागेल तितकी भरते. 0.4 मिमी.च्या दोन तारांसाठी हा सुमारे 35 चौ. सेंमी.चा अडथळा होतो, आणि एवढ्या लहान विमानाला तो फार जड जातो. टेक्सासमधील स्टॅन्झेल बंधूंनी एकाच तारेला पीळ देऊन विमान चालवण्याची 'मोनोलाइन' पद्धत आणली, तिचे वेगाच्या खेळाडूंना आकर्षण वाटले ते यामुळेच.

प्रोपेलरच्या पिचला, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकेल त्या अंतराला, त्याच्या फेऱ्यांनी गुणून केलेला अंदाज कामचलाऊच असतो. 6 इंच पिच आणि मिनिटाला 9,000 फेरे यांतून 82 किमी/तास निघतात, पण प्रोपेलर हवेत किती घसरतो आणि जमिनीवर मोजलेले फेरे उड्डाणात किती वाढतात हे त्यात येत नाही. आवाजावरून मोजणे अधिक रंजक. विमानाचे अंतर सारखेच राहत असल्याने मध्यभागी उभ्या वैमानिकाला इंजिनाचा एकच सूर ऐकू येतो. वर्तुळाबाहेरच्या माणसाला तो चढता-उतरता ऐकू येतो. ध्वनिमुद्रणातून सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या सुराच्या वारंवारतांचे गुणोत्तर काढावे, त्यातून 1 वजा करून आलेल्या संख्येला त्याच गुणोत्तरात 1 मिळवून भागावे आणि ध्वनीच्या वेगाने गुणावे. गुणोत्तर 1.6 आले तर वेग ध्वनीच्या 23 टक्के, म्हणजे साधारण 285 किमी/तास. यात त्रिज्या लागत नाही, आणि ऐकणारा वर्तुळाबाहेर किती दूर उभा आहे यानेही उत्तर बदलत नाही.