कादंबरीत परत शिरायला इतका वेळ का लागतो?

"वेळच मिळत नाही ओ" हे कादंबरी लिहायची अर्धवट राहिलेल्या प्रत्येक माणसाचं ठरलेलं वाक्य. पण खरं बघायला गेलं तर वेळ मिळतो की, रात्री जेवणं आटोपल्यावर नाहीतर पहाटे दूधवाला यायच्या आधी अर्धा-पाऊण तास सापडतोच. अडचण अशी की त्यातला निम्मा वेळ आपण गोष्टीत कुठं होतो हे आठवण्यातच जातो, मग कुठं हात चालायला लागतो आणि तेवढ्यात आतून आवाज येतो, दळण आणायचं राहिलंय की!

हे आळसाचं लक्षण नाही, मेंदूची रचनाच तशी आहे. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञानं 2001 मध्ये बऱ्याच प्रयोगांचा आढावा घेऊन असं मांडलं की एका वेळी आपल्या ध्यानात साधारण 4 गोष्टीच उघड्या राहतात. आता कादंबरीतला एक साधा प्रसंग घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, आजी सूप मांडीवर घेऊन विडी वळतेय, तेंदूच्या पानाला कात्री लावतेय, दारात मुलगा उभा, कारखान्यातलं काम सुटलंय हे त्याला सांगायचंय पण तोंडातून शब्द फुटत नाही, आजीला ते शेजारणीकडून आधीच कळलंय, आणि तिला कळलंय हे वाचकाला अजून कळू द्यायचं नाही. मोजून बघा, चारच्या वर कधीच गेलो. शिवाय आजी तेलुगूमिश्रित मराठी बोलते तो सूर वेगळा सांभाळायचा.

मग लिहिणारा हे सगळं पेलतो कसं? तर अँडर्स एरिक्सन आणि वॉल्टर किंच या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये याचं एक उत्तर दिलं. सरावातला माणूस सगळं ध्यानात धरून ठेवतच नाही, तो ते कायमच्या आठवणीत ठेवतो आणि तिथपर्यंत पोचायच्या खुणा तेवढ्या हाताशी ठेवतो. वाचणाऱ्यांवरचे जुने प्रयोगही हेच सांगतात, मधेच भलतंच वाक्य घालून वाचन तोडलं तर पुढचं वाक्य वाचायला किंचित जास्त वेळ लागतो पण समज जात नाही. थोडक्यात कादंबरी डोक्यातून गेलेली नसते, खूण हरवलेली असते. खूप दिवसांनी फाईल उघडली तर थेट नवीन वाक्य लिहायला बसण्यापेक्षा मागची दोन पानं सावकाश वाचणं त्यामुळंच जास्त उपयोगाचं. पहिल्या प्रकरणापासून दुरुस्त्या करायला मात्र घेऊ नका, त्यात वर्षं गेलेली माणसं बघितलीयत मी.

यंत्रमागावर काम केलेल्या कुणालाही विचारा, माग थांबून परत चालू झाला की कापडावर तिथं आडवी पट्टी उमटू शकते, कारण मधल्या वेळात उभ्या धाग्यांचा ताण बदललेला असतो. लिखाणातही तो सांधा दिसतो, दोन परिच्छेदांत एकच बाई दोन वेगळ्या स्वभावाची वाटायला लागते.

थांबणं किती छोटं असलं तरी चालतं? याचं उत्तर जरा धक्कादायक आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या एरिक ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एक प्रयोग छापला, त्यात लोकांना ठरलेल्या क्रमानं एकामागून एक पायऱ्या करायच्या होत्या आणि मधेच दोन-चार अक्षरं टाईप करायला लावून त्यांना अडवायचं. सरासरी 2.8 सेकंदांच्या अडथळ्यानं क्रमातल्या चुका दुप्पट झाल्या, 4.4 सेकंदांच्या अडथळ्यानं तिप्पट. व्हॉट्सअपचा मेसेज नुसता कुणाचा आहे हे बघायलाही तेवढाच वेळ लागतो! अर्थात तो प्रयोग पायऱ्या लक्षात ठेवण्याचा होता, कथा रचण्याचा नाही, तेव्हा आकडे जसेच्या तसे इकडं चिकटवू नयेत. आणि फोन नुसता टेबलावर असला तरी बुद्धी मंदावते हे 2017 चं गाजलेलं संशोधन नंतर काहींनी पुन्हा करून बघितलं तर त्यांना तो परिणाम सापडला नाही, म्हणून त्यावर मी फार भर देणार नाही.

त्यापेक्षा मला सोफी लरॉय या संशोधक बाईंचं 2009 मधलं काम आपल्या घरांशी जास्त जुळणारं वाटतं. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडं वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामाला चिकटून राहतो, आणि दुसरं काम त्यामुळं कच्चं होतं. सोलापुरात हे समजावून सांगायची गरजच नाही. इथं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी माणूस वहीपुढं बसलेला असला तरी एक कान नळाकडंच असतो.

यावर मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये जे दाखवलं ते फार कामाचं आहे. राहिलेल्या कामांची आठवण करून देऊन त्यांनी लोकांना एका कादंबरीतला भाग वाचायला दिला, तर मन सारखं त्या कामांकडं पळत होतं. पण ज्यांना ते काम कधी आणि कसं करणार याचा बेत आधी लिहायला लावला त्यांचं मन बरंच कमी पळालं. काम झालेलं नव्हतंच, नुसतं ठरलं होतं! तेव्हा बसायच्या आधी एका चिठ्ठीवर "पाणी आलं की मोटर मी लावणार, लाईटबिल उद्या दुपारी" असं लिहून बाजूला ठेवा.

आता गंमत बघा, हीच ओढ कादंबरीच्या बाजूनंही वापरता येते. 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाकडं दोन संशोधक मुली होत्या. ब्लुमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये सांगितलं की अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात, ते नाव सगळीकडं गाजलं, पण नंतरच्या प्रयोगांत ते दर वेळी दिसलं नाही. मारिया ओव्हसियांकिना यांचं नाव मागं पडलं, त्यांनी दाखवलं होतं की अर्धवट थांबवलेलं काम मोकळा वेळ मिळताच माणूस कुणी न सांगता परत हातात घेतो, आणि हे नंतर जास्त टिकलं. म्हणून बाकीची कामं मार्गी लावून बसायचं, कादंबरी मात्र उघडी ठेवून उठायचं, प्रकरण संपवून नाही. मुलगा "अव्वा, एक सांगायचं होतं" म्हणाला, तिथंच पेन खाली.

उठताना एक ओळ मात्र लिहून ठेवायची, पुढं काय होणार त्याची. लरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी 2018 मध्ये हेच तपासलं, अडथळा आला की दुसरीकडं वळण्याआधी मिनिटभर थांबून आपण कुठं आहोत आणि परत आल्यावर काय करायचं हे टिपलं तर मन कमी अडकतं. ओळ मोघम नको. "पुढचा संवाद लिहिणे" याचा काही उपयोग नाही, "आजी वर न बघता विचारते, जेवलास का?" असं पाहिजे.

राहिला रोजच्या सवयीचा प्रश्न. 21 दिवसांत सवय लागते हे मोटिवेशनवाल्यांचं गणित सोडून द्या. लंडनमध्ये फिलिपा लाली यांच्या 96 लोकांवरच्या अभ्यासात मधला आकडा 66 दिवसांचा आला, आणि 18 पासून 254 पर्यंत फरक होता, तोही फळ खाणं, चालायला जाणं असल्या साध्या सवयींसाठी. मात्र एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंही त्यांना दिसलं. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला, घरात पाहुणे आले आणि सलग चार दिवस वही उघडली नाही तर ते या अभ्यासाच्या बाहेरचं आहे, तेव्हा पाचव्या दिवशी मागच्या दोनाऐवजी पाच पानं वाचायची आणि नवीन एकच संवाद लिहायचा.