एकच बटण, तीन हुकूम

कार्तिए या फ्रेंच कंपनीचं ‘तॉर्त्यू मोनोपुस्वार’ हे घड्याळ बाजूने पाहिलं, तर नेहमीच्या चावीशिवाय काहीच दिसत नाही. क्रोनोग्राफ, म्हणजे पोटात स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, म्हटलं की चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं आपण गृहीत धरतो. इथे एकच बटण आहे आणि तेही चावीच्या डोक्यात लपलेलं. पहिल्यांदा दाबलं की मधला सेकंदकाटा निघतो, दुसऱ्यांदा थांबतो, तिसऱ्यांदा टुणकन शून्यावर येतो. चौथ्यांदा दाबलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

फ्रेंचमध्ये तॉर्त्यू म्हणजे कासव. कासवाच्या पाठीसारखी ही गोलसर चौकोनी केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, १९१२ सालची. तिच्यात क्रोनोग्राफ बसला १९२८ मध्ये. वेग मोजणाऱ्या घड्याळाला कासवाचं नाव!

पण एका बटणाला कळतं कसं, की आता कुठलं काम करायचं? त्याला काहीच कळत नाही. ते बॉलपेनच्या बटणासारखं आंधळेपणाने एक चाक पुढे ढकलतं, एवढंच. या चाकाला कॉलम व्हील म्हणतात. खाली करवतीसारखे दाते आणि वर देवळाच्या सभामंडपासारखे गोलाकार उभे खांब. दर दाबाला चाक एक दाता सरकतं. भोवतीच्या तरफांची टोकं कधी खांबावर टेकतात, कधी दोन खांबांमधल्या फटीत उतरतात. एक तरफ क्रोनोग्राफचं चाक चालत्या यंत्राला जोडते किंवा तोडते, दुसरी ब्रेक लावते, तिसरी हातोडी सोडते. क्रम सगळा त्या खांबांच्या मांडणीतच कोरलेला.

मला सर्वांत आवडते ती हातोडी. काट्याच्या आसावर पिंपळपानाच्या आकाराची एक छोटी चकती असते. काटा कुठेही थांबलेला असो, हातोडीचा सपाट माथा पानाच्या कडेवर आदळला की पान घसरत फिरतं आणि देठाजवळच्या खाचेशीच स्थिरावतं. ती जागा म्हणजे शून्य. शिवाय वाट जवळची निवडली जाते: काटा दहाव्या सेकंदावर असेल तर मागे येतो, पन्नासाव्यावर असेल तर पुढे जातो. आदॉल्फ निकोल या घड्याळजीने १८४४ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. त्याआधी, १८२१ मध्ये, पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला र्यूसेकचं यंत्र तबकडीवर चक्क शाईचे ठिपके टाकत होतं. म्हणून तर नाव क्रोनोग्राफ, काळ लिहिणारा.

मनगटावर हे सगळं आलं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. लाँजिन या स्विस कंपनीचं १३.३३झेड हे १९१३ चं यंत्र फक्त २९ मिलिमीटर व्यासाचं होतं, आणि तेही एका बटणाचं. अशा काही घड्याळांच्या तबकडीवर डॉक्टरांसाठी नाडीची पट्टी छापलेली असे. काटा सुरू करायचा, ३० ठोके मोजायचे, थांबवायचा. २५ सेकंद लागले असतील तर काटा ७२ वर. या कामाला दुसरं बटण लागतच नाही.

अडचण येते ती मध्येच थांबावं लागलं तर. खेळ थांबला, काटा थांबवला. आता पुढचा दाब त्याला शून्यावरच नेणार. ब्राइटलिंग या घड्याळ कंपनीने १९३४ मध्ये शून्यावर आणण्याचं काम खालच्या दुसऱ्या बटणाकडे दिलं आणि ही कोंडी फुटली. आता काटा हवा तितक्या वेळा थांबवून तिथूनच पुढे नेता येऊ लागला. वैमानिक आणि शर्यतवाल्यांच्या दृष्टीने सोय उघड होती. एकबटणी घड्याळं बघता बघता मागे पडली.

कार्तिए एकबटणी घड्याळाकडे परतली १९९८ मध्ये. यंत्र विकसित केलं स्वित्झर्लंडमधल्या सेंत-क्रुआ गावच्या टीएचए या लहानशा कार्यशाळेने. नंतर २०२४ मध्ये तॉर्त्यू पुन्हा आलं. यावेळी यंत्र स्वतः कार्तिएचं, जाडी जेमतेम ४.३ मिलिमीटर, नाव १९२८ एमसी. मागच्या काचेतून कॉलम व्हील फिरताना दिसतं. अचूक वेळ हवी असेल तर खिशातला फोन यापेक्षा सरस, हे विकत घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. तो पैसे मोजतो ते अंगठ्याखालच्या त्या ‘टक्’साठी. जुनी खोड मात्र कायम आहे. थांबलेला काटा तिथूनच पुढे न्यायचा म्हटलं, तर आजही नेता येत नाही.