बारशिंग्याच्या नावातला फ्रेंच माणूस

कान्हाला जाऊन आलेल्यांनी बारशिंगा पाहिलेला असतो. पहाटेच्या धुक्यात गवताळ मैदानात उभा, डोक्यावर झाडाच्या सुक्या फांद्यांसारखा पसारा. नाव बारा शिंगांचे, पण मोजायला गेलात तर टोके कधी दहा भरतात, कधी चौदा. त्याचे शास्त्रीय नाव आहे रुसर्वस ड्युव्होसेली. त्यातला दुसरा शब्द हे एका फ्रेंच माणसाचे आडनाव. या माणसाचा मध्य भारताशी काहीच संबंध आला नाही. १८२३ मध्ये ज्याने हे नाव ठेवले, त्याच्यापुढेही पूर्ण प्राणी नव्हता; होती ती पॅरिसला पोचलेल्या शिंगांची वर्णने आणि चित्रे.

आल्फ्रेड ड्युव्होसेलचा जन्म १७९३ चा. वडील राजाच्या वतीने कर गोळा करणाऱ्या श्रीमंत मक्तेदारांपैकी एक. फ्रेंच राज्यक्रांतीत हे मक्तेदार लोकांच्या डोळ्यांत खुपत होते. ८ मे १७९४ रोजी त्यांतल्या २८ जणांना एकाच दिवशी गिलोटिनवर चढवले. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए त्यांत होता आणि आल्फ्रेडचे वडीलही. पदरात चार मुले असलेल्या त्याच्या आईने १८०४ मध्ये दुसरे लग्न केले ते जॉर्ज क्युव्हिए याच्याशी. पुढची कथा या लग्नामुळे घडली.

क्युव्हिए म्हणजे त्या काळातला प्राणिशास्त्राचा अनभिषिक्त राजा. एखादे हाड हातात दिले तर तो प्राण्याचा बाकीचा सांगाडा कसा असेल ते सांगे, अशी त्याची ख्याती. काही प्राणी पृथ्वीवरून कायमचे नाहीसे झाले आहेत, हे त्यानेच पुराव्यानिशी मांडले. पण त्यावर एक साधा आक्षेप घेतला जाई: मॅमथसारखे प्राणी संपलेत कशावरून? आफ्रिकेच्या किंवा आशियाच्या एखाद्या कोपऱ्यात ते अजून हिंडत असतील! याला उत्तर म्हणून १८१२ मध्ये क्युव्हिएने लिहिले की मोठ्या चतुष्पाद प्राण्यांच्या नव्या जाती सापडण्याची आशा आता फारशी उरलेली नाही. त्याच्या युक्तिवादाला हे विधान आवश्यकच होते. ते खोटे ठरायला सुरुवात झाली ती त्याच्याच घरातून.

आल्फ्रेड आधी सैन्यात होता. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर तिथे काही भविष्य उरले नाही. मग सावत्र वडिलांच्या वजनामुळे त्याला 'राजाचा निसर्गअभ्यासक' ही पदवी मिळाली आणि १८१७ च्या अखेरीस तो भारताकडे निघाला. १८१८ मध्ये कोलकात्यात त्याची गाठ प्येर मेदार दियारशी पडली. दियारही क्युव्हिएच्याच हाताखाली शिकलेला. दोघांनी चंद्रनगरला बस्तान मांडले. हे गाव फ्रेंचांचे, कोलकात्याहून नदीमार्गे जवळ, शिवाय पोटापाण्यापुरता फ्रेंच दरबारही तिथे होता. त्यांनी शिकारी लावले, कातडी सोलणारे ठेवले, जिवंत जनावरांसाठी छोटेखानी प्राणिसंग्रहच उभा केला. पॅरिसच्या संग्रहालयाकडे पहिली खेप लवकरच रवाना झाली. तीत गंगेतल्या डॉल्फिनचा, म्हणजे सुसूचा, सांगाडा होता. नंतरच्या एका खेपेत तर एक जिवंत काश्मिरी शेळीही गेली. सहा महिन्यांच्या सागरी प्रवासात त्या शेळीची बडदास्त कोणी ठेवली असेल कोण जाणे.

हुगळीच्या पलीकडच्या काठावर बराकपूरला ब्रिटिश गव्हर्नर जनरलचा प्राणिसंग्रह होता. तिथे दियारला एक विचित्र जनावर दिसले: पुढचा भाग काळा, पाठ आणि कंबर पांढरी, तोंडाला आखूड लवचीक सोंड. तो होता टापीर. टापीर फक्त अमेरिकेत असतात असे तेव्हा सगळे धरून चालले होते. दियारने चित्र आणि माहिती पॅरिसला पाठवली आणि १८१९ मध्ये देमारे या प्राणिशास्त्रज्ञाने त्याला टापिरस इंडिकस असे नाव दिले. क्युव्हिएचे विधान जेमतेम सात वर्षे टिकले. चार वर्षांनी बारशिंग्याला नाव देताना त्याला स्वतःच्याच हाताने आणखी एका मोठ्या चतुष्पादाची यादीत भर घालावी लागली.

या दोन फ्रेंच तरुणांच्या आयुष्यातला सगळ्यात वादग्रस्त अध्याय म्हणजे स्टॅमफर्ड रॅफल्स. सिंगापूर वसवणारा तोच. १८१८ च्या डिसेंबरात रॅफल्सने त्यांना सोबत घेतले, खर्च कंपनीचा, काम प्राणी गोळा करण्याचे. पिनांग, मलाक्का, सिंगापूर असे टप्पे घेत मंडळी सुमात्रात बेंकुलेनला पोचली. संग्रह भराभर वाढला आणि मग प्रश्न आला: हे सगळे कोणाचे? रॅफल्स म्हणे, पैसा ईस्ट इंडिया कंपनीचा, म्हणून वस्तूही तिच्या. या दोघांचा जीव पॅरिसच्या संग्रहालयात. मार्च १८२० मध्ये रॅफल्सने त्यांना कामावरून काढले आणि बहुतेक संग्रह ठेवून घेतला. त्यावर आधारलेली यादी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचली गेली ती रॅफल्सच्या नावावर. सूर्य अस्वल, सियामांग, लांब शेपटीचे मॅकाक माकड यांच्या शास्त्रीय नावांपुढे आजही रॅफल्स हेच नाव लागते. करार रॅफल्सच्या बाजूने होता हे खरे, पण जंगलात चिखल तुडवला तो कोणी, हेही खरेच. आणि रॅफल्सला तरी ते कुठे लाभले? फेब्रुवारी १८२४ मध्ये मायदेशी निघालेले त्याचे 'फेम' जहाज पहिल्याच रात्री पेटले. माणसे वाचली, पुढच्या काळात जमवलेले प्राणी, चित्रे, कागदपत्रे जळून गेली.

ड्युव्होसेलची पत्रे मात्र पॅरिसला पोचली. क्युव्हिएचा धाकटा भाऊ फ्रेदरिक सस्तन प्राण्यांवर मोठा सचित्र ग्रंथ काढत होता, त्याने ती वापरली. त्यात सियामांगबद्दल एक निरीक्षण आहे. हे काळे, लांब हातांचे वानर. ड्युव्होसेल सांगतो, माद्या पिल्लांना नदीवर नेतात, पिल्ले रडून आकांत करतात, तरी त्यांची तोंडे धुऊन काढतात. आपल्याकडच्या कोणत्याही घरातली सकाळची आंघोळ आठवावी! इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ हक्सलीने ही गोष्ट उचलली आणि मनुष्याच्या उत्क्रांतीवर लिहिताना डार्विननेही ड्युव्होसेलचे नाव घेऊन तिचा दाखला दिला. नमुने हिरावून घेता आले, डोळ्यांनी पाहिलेले तेवढे हिरावता आले नाही.

सुमात्रानंतर दियार जावाकडे गेला. ड्युव्होसेल बंगालला परतला, सिल्हेटच्या बाजूला फिरला आणि तापाने खंगला. मधल्या काळात हिमालयाच्या बाजूने त्याच्या हाती एका प्राण्याचे पंजे, दातांसह मोडके जबडे आणि शेपटी असे अवशेष आले. ते त्याने वर्णनासह पाठवून दिले. तेवढ्यावरून फ्रेदरिकने १८२५ मध्ये लाल पांडाचे वर्णन केले आणि त्याला अत्यंत देखणा प्राणी म्हणून गौरवले. इंग्रज अधिकारी हार्डविक याने याच प्राण्यावरचा निबंध १८२१ मध्येच लंडनला वाचला होता, पण तो छापून आला १८२७ मध्ये. छापखान्याच्या दिरंगाईने मान फ्रेंचांकडे गेला.

ड्युव्होसेलला ते कळले नाही. ऑगस्ट १८२४ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी तो मद्रासला वारला. आठ वर्षांनी त्याच संग्रहालयाने पाठवलेला दुसरा तरुण, व्हिक्तोर जाकमाँ, मुंबईत मरण पावला. त्याचेही वय ३१. पॅरिसच्या काचेच्या कपाटांसाठी भारतात येणाऱ्यांचा हा जणू ठरलेला शेवट होता.

नाव मात्र फिरत राहिले. नदीकाठच्या एका टिटवीला ते मिळाले, मलायातल्या लाल कमरेच्या ट्रोगॉन पक्ष्यालाही. १८३६ मध्ये दुमेरिल आणि बिब्रों या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी संग्रहालयातल्या एका मोठ्या पालीला ड्युव्होसेलचे नाव दिले, कारण तिच्यावरच्या चिठ्ठीप्रमाणे ती बंगालहून आलेली होती. चिठ्ठी चुकीची निघाली. ती पाल न्यूझीलंडची आहे, तिथल्या हयात पालींमध्ये सर्वांत मोठी, आणि आता मुख्यतः उंदीर न पोचलेल्या बेटांवर उरलेली. ड्युव्होसेल न्यूझीलंडला कधीच गेला नव्हता.