रिकामा पॅटर्न (ग्रेप)

ग्रेप ही युनिक्स-लिनक्समधली, फाइलमधल्या जुळणाऱ्या ओळी शोधून दाखवणारी आज्ञा. तिला शोधण्यासाठी एकही अक्षर न देता नुसती अवतरणचिन्हे ('') दिली, की तो रिकामा पॅटर्न, म्हणजे रिकामा शोध-नमुना, होतो. तो प्रत्येक ओळीशी जुळतो, अगदी कोऱ्या ओळीशीही; शून्य लांबीचा मजकूर कुठल्याही ओळीच्या आरंभीच सापडतो. युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉझिक्स मानकातही हेच वर्तन सांगितले आहे.

'आंबा', 'फणस', एक कोरी ओळ आणि 'काजू' अशी 4 ओळींची फाइल घ्या. जुळलेल्या ओळी मोजणारा ग्रेप -सी '' हा आकडा 4 देतो. 'काजू'पुढे एंटर मारलेला नसेल, तर ओळी मोजायला वापरला जाणारा डब्ल्यूसी -एल मात्र 3 सांगतो, कारण तो ओळी नव्हे, ओळ तोडणारी चिन्हे मोजतो. न जुळणाऱ्या ओळी दाखवणारा -व्ही लावला की काहीच उरत नाही. पूर्ण ओळच जुळायला हवी असे सांगणारा -एक्स लावला की फक्त कोरी ओळ येते. जीएनयू ग्रेपमध्ये (लिनक्सवरच्या नेहमीच्या ग्रेपमध्ये) फक्त जुळलेला भाग दाखवणारा -ओ लावला तर पडद्यावर काहीही उमटत नाही, तरी एक्झिट कोड (आज्ञा संपताना मिळणारा आकडा) 0, म्हणजे 'सापडले', असाच मिळतो.

एक रिकामा पॅटर्न असणे आणि एकही पॅटर्न नसणे, यांतला फरक सर्वांत महत्त्वाचा. पॅटर्नची यादी फाइलमधून घेणाऱ्या -एफ ने 0 बाइटची फाइल दिली, तर पॅटर्नच नाहीत, म्हणून काहीच जुळत नाही. तिच्यात नुसती एक कोरी ओळ असली, म्हणजे अवघा 1 बाइट, तर सगळेच जुळते. खरा घात इथे होतो. वगळायच्या शब्दांची यादी -व्ही -एफ ने लावली आणि यादीच्या शेवटी चुकून कोरी ओळ राहिली, तर सगळा मजकूर गळून जातो. त्रुटीचा संदेशही येत नाही; एक्झिट कोड 1 येतो, जो एरवीही 'काही उरले नाही' असाच वाचला जातो. म्हणून यादीतल्या कोऱ्या ओळी आधी काढून टाकाव्यात. त्या ओळीत एखादी स्पेस असेल, तर ती रिकामी नव्हे: मग स्पेस असलेल्याच ओळी गळतात, आणि ही चूक शोधणे आणखी अवघड.

शेलमधला (आज्ञा टाइप करतो त्या प्रोग्राममधला) रिकामा व्हेरिएबल पॅटर्नच्या जागी अवतरणाविना लिहिला, तर तो नाहीसा होतो. फाइलचे नावच पॅटर्न ठरते आणि ग्रेप कीबोर्डवरच्या मजकुराची वाट बघत थांबतो.

ग्रेपचे नाव एड या संपादकातल्या आज्ञेवरून आले, पण एड आणि सेड (मजकूर बदलणारी दुसरी आज्ञा) यांमध्ये रिकामा पॅटर्न म्हणजे आधी वापरलेला शेवटचा पॅटर्न. विंडोजच्या फाइंड या शोध-आज्ञेत तर उलटेच: "" कशाशीच जुळत नाही, म्हणून तिथे ओळी मोजायला फाइंड /सी /व्ही "" लिहितात.