फॉरमॅट मारणं वेगळं, डेटा पुसणं वेगळं

जुना कॉम्प्युटर भाच्याला किंवा गावच्या शाळेला द्यायचा झाला की सांगलीत एकच वाक्य ऐकू येतं: "काळजी करू नका, फॉरमॅट मारलाय." ते ऐकलं की मला धडकीच भरते.

डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते आणि बिन रिकामा केला तरी परत आणता येते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. घोळ होतो तो फॉरमॅटमध्ये. एकाच खिडकीत दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींत फरक फक्त एका टिकेचा.

ड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडा. 'क्विक फॉरमॅट'च्या चौकोनात टिक आधीच असते. ती तशीच ठेवली तर काम काही सेकंदांत उरकतं, कारण फाइली कुठे ठेवल्यात याची यादी तेवढी नवी होते. फाइली जिथल्या तिथेच राहतात. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून रानातला ऊस काही तुटत नाही. रिकुव्हासारखं, गेलेल्या फाइली परत आणणारं फुकट सॉफ्टवेअर यादी विचारतच नाही, थेट रानात शिरतं. विश्रामबागेतल्या एका ओळखीच्यांचा असाच 'फॉरमॅट मारलेला' डी ड्राइव्ह मी त्यांच्यासमोर तपासला. मुलीच्या लग्नाचे फोटो, आधार कार्डाचं स्कॅन, बँकेचं स्टेटमेंट, सगळं वर आलं. त्यांचा चेहरा उतरलेला मला बघवेना.

टिक काढली, तर विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळ्या ड्राइव्हवर शून्यं लिहिली जातात. १ टीबीच्या हार्ड डिस्कला दोन-तीन तास सहज लागतात. दहा मिनिटांत कुणी "झालं" म्हणालं, तर डिस्क पुसलेली नाही, हे पक्कं समजा. सात-सात वेळा पुसायचीही गरज नाही, हार्ड डिस्कला एकदा पुरतं. आणि डिस्कवर हातोडा घालू नका हो, चांगली वस्तू एखाद्या पोराच्या अभ्यासाला येईल.

सी ड्राइव्ह चालू विंडोजमधून असा फॉरमॅट होत नाही. तिथे 'रिसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करायचं. ते आपोआप चालू नसतं आणि लोक नेमके तेच विसरतात.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, असेल तर शून्यं लिहिण्यावर विसंबू नका. तिच्यात राखीव जागा असते आणि तिथवर विंडोजचा हात पोचत नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना, विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) किंवा डिस्कच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सिक्युअर इरेज' असतं, ते वापरा. ते नसेल तर आधी विंडोजमधल्या बिटलॉकरने पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करा, आणि मगच रिसेट मारा.

हार्ड डिस्कचं काम रात्री लावून झोपा. सकाळी पेनड्राइव्हवरनं रिकुव्हा चालवून बघा, आणि तुमचं काहीच सापडलं नाही तर मशिन गाडीत ठेवा.