तिरकिटमधला हरवलेला 'र'

गेल्या महिन्यात बहिणीने मला एक पत्रक दाखवलं, रविवारच्या पेपरात घालून आलेलं. दोन दिवसांत मुलांचा 'मिडब्रेन' जागृत करून देऊ, असा दावा. सोबत डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचणाऱ्या मुलाचा फोटो. ती म्हणाली, "दादा, हिला घालू का रे? तबल्याला आठ महिने झाले, अजून तिरकिट बसत नाही. हातातच नाहीये बहुतेक."

शनिवारी मी भाचीसोबत नौपाड्यातल्या तिच्या क्लासला जाऊन बसलो. सरांनी ठाय, म्हणजे संथ लयीत 'तिरकिट' हा तबल्याचा बोल धरायला लावलं. 'ति'ला उजव्या हाताची मधली दोन बोटं तबल्याच्या मधल्या काळ्या शाईवर, 'र'ला तर्जनी, 'कि'ला डग्ग्यावर डावा पंजा, 'ट'ला पुन्हा उजवा हात. तिची तर्जनी उशिरा पडत होती, त्यामुळे 'र' आणि 'कि' एकमेकांत मिसळून जात होते. "परत. 'र' खाल्लास," सर म्हणाले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्र सर काही बोलायच्या आतच ती थांबली. कपाळावर आठी पडली. आपला 'र' गेला, हे तिचं तिलाच ऐकू आलं होतं.

मला लिहायचंय ते त्या आठीबद्दल.

कवटीच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली अनुमस्तिष्क असतं. शाळेत आपण त्याच्याबद्दल 'शरीराचा तोल सांभाळतं' एवढं एक वाक्य पाठ करतो आणि पुढे जातो. पण माणसाच्या मेंदूत साधारण 86 अब्ज चेतापेशी असतात आणि त्यातल्या 69 अब्जांच्या आसपास या मुठीएवढ्या भागात दाटलेल्या असतात. 1837 साली यान पर्किंजे या शास्त्रज्ञाने इथल्या एका विलक्षण पेशीचं वर्णन केलं. लहानपणी पुस्तकात पिंपळाचं पान ठेवून त्याची जाळी केलेली आठवते? पर्किंजे पेशीचा फुलोरा तसाच दिसतो, चपटा, बारीक शिरांचा. या जाळीच्या आरपार, काटकोनात, अतिशय बारीक तंतू जातात. एकेका पेशीला असे लाखाहून जास्त तंतू भेटतात. हात कुठे आहे, कुठलं बोट वर आहे, मागचा बोल कधी वाजला, ही सगळी खबर हे 'पॅरलल फायबर' आणतात.

आता गंमत बघा. याच पेशीला आणखी एक तंतू येतो, 'क्लाइंबिंग फायबर', आणि मोठेपणी तो प्रत्येक पेशीला एकच असतो. कडुनिंबावर गुळवेल चढावी तसा तो पेशीच्या फांद्यांना वेढत वर जातो आणि शेकडो ठिकाणी तिला चिकटतो. एका बाजूला लाखभर कुजबुजणारे, दुसऱ्या बाजूला एकच. पण तो बोलला की सगळी पेशी हादरते. एरवी तो सेकंदाला जेमतेम एकदा बोलतो. जे व्हायला हवं होतं आणि जे झालं त्यात फरक पडला, की तो ओरडण्याची शक्यता वाढते.

हा तंतू चूक दाखवून शिकवणारा असावा, ही कल्पना डेव्हिड मार यांच्या 1969 च्या आणि जेम्स अल्बस यांच्या 1971 च्या सिद्धांतांतून पुढे आली. तो ओरडला की पॅरलल फायबरच्या जोडण्या बळकट होतात असं मार यांना वाटत होतं. अल्बस म्हणाले, नाही, कमकुवत होतात. 1982 मध्ये जपानच्या मासाओ इतो यांच्या गटाने सशांवरच्या प्रयोगात दाखवलं की अल्बस बरोबर होते. क्लाइंबिंग फायबर ओरडला की पर्किंजे पेशीत कॅल्शियमचा लोंढा येतो. त्याच सुमाराला जे पॅरलल फायबर बोलत होते, त्यांच्या जोडणीवरचे ग्लुटामेट हे निरोपाचं रसायन पकडणारे रिसेप्टर पेशी आत ओढून घेते. पुढच्या वेळी त्या तंतूंचं ती कमी ऐकते. आणि पर्किंजे पेशीचं काम असतं पुढच्या पेशींना ब्रेक लावण्याचं. तिने कमी ऐकलं म्हणजे नेमक्या त्या क्षणी ब्रेक सैल झाला आणि अडलेली हालचाल वेळेवर सुटली. कौशल्य म्हणजे काहीतरी साठत जाणं, असं आपल्याला वाटतं. इथे तर चुकीला साथ देणारे आवाज एकेक करून बारीक केले जातात! हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

अनुमस्तिष्कात शिकण्याच्या आणखीही वाटा आहेत, हे पुढच्या संशोधनातून दिसलं आहे. पण चूक झाल्याच्या इशाऱ्याचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. प्रिझमचा चष्मा घातला की सगळं एका बाजूला सरकलेलं दिसतं आणि चेंडू नेमावर लागत नाही. पाच-पंचवीस वेळा चुकलं की हात आपोआप जुळवून घेतो. अनुमस्तिष्काला इजा झालेल्या अनेक रुग्णांचा हात मात्र जुळवून घेत नाही, ते चुकतच राहतात.

म्हणून ठाय लय. जलद वाजवलं तर गेलेला 'र' कानाला सापडतच नाही आणि न सापडलेली चूक काही शिकवत नाही. टीव्ही बघता बघता तासभर थापा मारणं आणि दहा मिनिटं कान देऊन वाजवणं यात हाच फरक आहे. 'दहा हजार तास केले की कोणीही उस्ताद' हे वाक्यही त्यामुळे मला पटत नाही. तो आकडा बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांच्या 1993 मधल्या अभ्यासातून आला. सर्वांत चांगल्या गटाने विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या रियाजाची ती सरासरी होती. त्यातल्या कितीतरी जणांचे तास त्याहून कमी भरले होते. तो अभ्यास करणाऱ्या अँडर्स एरिकसन यांचा भर होता तो सराव कसा केला यावर, पण लोकांनी फक्त आकडा उचलला.

झोपेचंही सांगायला हवं. बोटांचा एक क्रम शिकवून लोकांना रात्री झोपू दिलं, तर सकाळी जास्तीचा सराव न करताच त्यांचा वेग सुमारे वीस टक्क्यांनी वाढलेला आढळला, असा 2002 सालचा एक प्रयोग आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री बारापर्यंत रियाज करून घेणाऱ्या पालकांनी हे वाचावं.

आणि ते पत्रक? मिडब्रेन हा मेंदूचा खरा भाग आहे आणि तो प्रत्येक मुलात जन्मापासून कामाला लागलेला असतो. तो बंद असता तर मूल शुद्धीवरच राहिलं नसतं. पट्टी बांधलेली मुलं नाकाशेजारच्या फटीतून खाली बघतात. पुस्तक कपाळाच्या वर धरा, वाचन थांबतं. यात मला सर्वांत जास्त राग येतो तो मुलांना खोटं बोलायला शिकवलं जातं याचा. बहिणीला मी हे सगळं सांगितलं आणि तिने ते पत्रक रद्दीत टाकलं.

त्या शनिवारी क्लास सुटल्यावर आम्ही गोखले रोडवरून रिक्षाने घरी निघालो. सिग्नलला रिक्षा थांबली, तर भाचीची बोटं पुढच्या दांडीवर सुरू झाली. ति, र, कि, ट. हळूहळू, प्रत्येक बोल वेगळा.

"मामा, आता आला ना 'र'?"

"आला. पण जरा उशिरा."

तिने पुन्हा आठी घातली आणि दांडीवर पहिल्यापासून सुरुवात केली.