शंखातली गाज कुठून येते?

‘शंखात समुद्राची प्राणऊर्जा साठलेली असते, कानाला लावला की तिची स्पंदनं ऐकू येतात,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मालवणच्या किनाऱ्यावर लहानपणी मीही ती गाज खूप ऐकली आहे. आवाज खरा आहे. तो येतो मात्र बाहेरून.

वारा, पंखा, माडाच्या झावळ्या, यांची बारीक कुजबुज सतत आपल्याभोवती असते. शंखाच्या पोकळीतली हवा त्यातल्या ठरावीक कंपनांनाच साथ देते आणि ती मोठी होतात. हाच अनुनाद. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, तसंच.

पडताळायला शंखही नको. पितळी तांब्या कानाशी धरा, गाज येईल. तांब्याने कुठे समुद्र पाहिलाय? मग लहान पेला धरा, आवाज चढा लागेल, कारण पोकळी लहान. काही जण म्हणतात, हा आपल्याच रक्ताचा आवाज. तसं असतं तर धावून आल्यावर तो वाढला असता. वाढत नाही. उलट मध्यरात्री पंखा बंद करून, दारं-खिडक्या लावून ऐका, गाज विरत जाते. अर्थात घर किनाऱ्यालगत असेल तर हा शेवटचा प्रयोग फसतो. तिथे खरा समुद्रच घरात येतो.